रेगे आणि जगभरच्या संगीताचा महोत्सव टिकतो कशावर?

खारेवारे

नोकरीनिमित्त मी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला राहतो. इथून गाडीनं तासाभरावर बेनिकासिम नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. ऑगस्टमध्ये तिथे 'रोटोटॉम सनस्प्लॅश' हा रेगेचा, म्हणजे जमैकात जन्मलेल्या संगीताचा, महोत्सव आठवडाभर चालतो. चांगल्या वर्षी दोन लाखांच्या वर लोक येतात. दर वर्षी परत येताना एकच प्रश्न डोक्यात असतो, की असे कितीतरी महोत्सव दोन-तीन वर्षांत गुंडाळले जातात, मग हा का टिकला?

याचा इतिहास बघा. महोत्सव मुळात स्पेनचा नाहीच. १९९४ मध्ये इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउलीमध्ये, रोटोटॉम नावाच्या क्लबमधल्या लोकांनी तो सुरू केला. पुढे ओझोप्पो गावी तो चांगला रुजला. गर्दी होती, कलाकार खूश होते. आणि २००९ मध्ये संचालकावर खटला गुदरला. आरोप असा, की महोत्सव भरवून त्यांनी अमली पदार्थांच्या सेवनाला जागा करून दिली. २००६ च्या कडक कायद्याचा आधार त्याला होता. पुढे न्यायालयात ते निर्दोष सुटले, पण तोवर इटलीत उभं राहायला जागा उरली नव्हती. २०१० मध्ये सगळा पसारा उचलून ते बेनिकासिमला आले.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कलाकार, प्रेक्षक, तंत्रज्ञ, हे सगळं एका देशातून दुसऱ्या देशात नेता आलं. नेता आली नाही ती फक्त जागा आणि त्या जागेची परवानगी. ती बेनिकासिमनं दिली. या गावाला आधीच दुसऱ्या एका मोठ्या संगीत महोत्सवाची सवय होती, मैदान तयार होतं, तंबूंची सोय होती.

आता तिथे काय दिसतं ते सांगतो. लहान मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना तिकीट नाही. त्यामुळे संध्याकाळी ऊन उतरलं की गावातले आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, पहिले दोन कार्यक्रम ऐकतात, मुलांच्या कोपऱ्यात फिरतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. मग रात्र तरुणांची, पार पहाटेपर्यंत. दुपारच्या उन्हात मुख्य मंचावर कुणालाही उभं करत नाहीत. त्या वेळात चर्चा असतात, 'रेगे युनिव्हर्सिटी' नावाच्या मंडपात जुने संगीतकार बसून आपल्या काळाबद्दल बोलतात आणि पोरं वह्या घेऊन ऐकतात. आफ्रिकन खाण्याचे, कपड्यांचे, वाद्यांचे स्टॉल वेगळे.

माझं म्हणणं इतकंच आहे, की महोत्सव यशस्वी झाला की नाही हे शेवटच्या रात्रीच्या गर्दीवरून ठरवू नये. पुढच्या वर्षी तो परत यावा असं यजमान गावाला वाटतं का, हे बघावं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. तुम्हाला काय वाटतं? जगात कुठेही असा महोत्सव पाहिला असेल तर लिहा.

बेसबिन

विषय जिव्हाळ्याचा. मी पुण्यात साउंडचं काम करतो, त्यामुळे माझं पहिलं उत्तर साउंडच असणार. गाव, तिकीट सगळं मान्य, पण रेगेमध्ये बेस, म्हणजे खालचा घुमणारा सूर, बरोबर नसेल तर तो रेगे नाहीच.

हे नीट समजून घ्यायला हवं. रॉकच्या कार्यक्रमात गिटार आणि आवाज पुढे असतात, बेस खालून आधार देतो. रेगेत बेस हीच चाल असते. 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा जवळजवळ मोकळी सोडतात आणि ढोलाचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. त्या मोकळ्या जागेत बेस बोलतो. रॉकची सवय असलेला माणूस मिक्सरवर बसला तर तो सवयीनं बेस खाली ओढतो, गिटारचा उलटा ठेका वर आणतो, आणि सगळा प्रकार पातळ होऊन जातो. म्हणून चांगले रेगे बँड स्वतःचा साउंड इंजिनियर बरोबर घेऊन फिरतात. डबमध्ये, म्हणजे रेगेच्या मिक्सरवर घडवलेल्या प्रकारात, तर तो इंजिनियरच वाजवणारा असतो. आवाज तोडणं, प्रतिध्वनी सोडणं, अख्खा बँड बंद करून नुसता बेस ठेवणं हे सगळं तो त्या क्षणी ठरवतो. ज्या महोत्सवात त्याला मिक्सरपाशी अर्धा तास आधी पोचू देत नाहीत, तिथे कलाकार कितीही मोठा असो, माझ्या लेखी कार्यक्रम गेला.

दुसरी गोष्ट बॅकिंग बँडची. जमैकातल्या मूळ 'रेगे सनस्प्लॅश'मध्ये एकाच बँडच्या साथीवर एकामागून एक गायक येत. लॉइड पार्क्स यांचा 'वी द पीपल' बँड अशा साथीसाठी नावाजलेला. याचा फायदा लक्षात घ्या. दर गायकाला वेगळा बँड म्हणजे दर वेळी मंच रिकामा करा, ड्रम बदला, माइक लावा, साउंडचेक करा. अर्धा-पाऊण तास प्रेक्षक ताटकळतात. एकच बँड असेल तर गायक आत येतो, बँड रिद्दिम, म्हणजे गाण्याखालचा बेस-ढोलाचा ठेका, धरतो, गाणं सुरू. रात्रभराच्या कार्यक्रमात हे वाचलेले तास म्हणजे अख्ख्या महोत्सवाचा दम.

सावलीचं_झाड

बेसबिन, वाचताना पायानं ठेका धरला!

मी ॲडलेडला असते. इथे १९९२ पासून 'वोमॅडलेड' होतो, मूळ इंग्लंडच्या 'वोमॅड' या जगभरच्या संगीताच्या महोत्सवाचं ऑस्ट्रेलियातलं भावंड. बोटॅनिक पार्कमध्ये, मार्च महिन्यात. तो नुसता रेगेचा नाही, जगभरचं संगीत असतं, पण रेगेवाले बरेचदा असतात.

मी सांगेन सावली. हसू नका. मार्चमध्ये इथे ऊन चांगलंच असतं आणि त्या बागेत प्रचंड जुनी वडाच्या जातीची झाडं आहेत. लोक सतरंजी टाकून दिवसभर बसतात. मैदान उघडं असेल तर माणूस फक्त आवडत्या कलाकारापुरता येतो आणि निघून जातो. सावली, पाणी, स्वच्छ संडास आणि बसायला गवत असेल तर तो थांबतो, आणि थांबला की ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याचंही ऐकतो. जगभरच्या संगीताचा महोत्सव याच थांबण्यावर चालतो. मालीचा कोरावादक, म्हणजे कोरा हे तंतुवाद्य वाजवणारा, कोण हे इथे किती जणांना माहीत असतं? पण झाडाखाली बसल्या बसल्या त्या एकवीस तारा कानावर पडतात आणि माणूस उठून मंचाकडे जातो.

मला सगळ्यात आवडतो तो 'टेस्ट द वर्ल्ड' हा प्रकार. संगीतकार मंचावर स्वयंपाक करतात. कांदा परतता परतता आपल्या आईबद्दल, गावाबद्दल बोलतात, मध्येच एखादं गाणं म्हणतात, आणि मग ते खायला मिळतं. रात्री तोच माणूस मोठ्या मंचावर उभा राहतो तेव्हा तो आपल्या ओळखीचा झालेला असतो. माझ्या मुलीनं असंच एका गायिकेला दुपारी पाहिलं आणि रात्री झोप आली असतानाही तिच्यासाठी जागी राहिली.

हिशेबनीस

वरचे तिन्ही प्रतिसाद मनापासून आवडले. पण सगळे प्रेक्षकांच्या बाजूनं बोलताय. वोमॅडचा विषय निघालाच आहे तर त्याची पहिली गोष्ट सांगतो.

१६ ते १८ जुलै १९८२. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात शेप्टन मॅलेटजवळचं मैदान. रॉक गायक पीटर गॅब्रिएल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी पहिला वोमॅड भरवला. बुरुंडीचे ढोलवाले, इजिप्तचे नाईलकाठचे वादक, आपले सुरबहार-सतारवादक इम्रत खाँ, डॉन चेरी, इंग्लंडचा 'द बीट' हा स्का-रेगे बँड. ऐकणाऱ्यांसाठी तो अनुभव विलक्षण होता, त्याबद्दल आजही लोक लिहितात. आणि पैशांचं काय झालं? पार दिवाळं. त्याच काळात रेल्वेचा संप होता, लोक पोचू शकले नाहीत, खर्च आवाक्याबाहेर गेलेला. ज्यांचे पैसे थकले होते ते सगळे गॅब्रिएल यांच्या मागे लागले, कारण नाव त्यांचं मोठं. शेवटी १९७५ मध्येच सोडलेल्या 'जेनेसिस' या आपल्या जुन्या बँडबरोबर त्यांनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्सच्या मैदानावर एक कार्यक्रम केला. भर पावसात. त्या पैशांतून कर्ज फिटलं.

म्हणजे वोमॅड वाचला तो गावामुळे नाही, झाडांमुळे नाही, बेसमुळेही नाही. एका लोकप्रिय रॉक बँडच्या तिकीटविक्रीनं तो वाचवला. तो कार्यक्रम झाला नसता तर १९८५ च्या वोमॅडमध्ये इंग्लंडच्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खाँ साहेबांना पाश्चात्य श्रोत्यांनी तसं ऐकलं नसतं आणि ॲडलेडचा महोत्सवही झाला नसता. म्हणून मला मोठ्या नावाबद्दल तुच्छता वाटत नाही. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तोच अनोळखी कोरावादकाचं विमानभाडं भरतो.

खारेवारे

हिशेबनीस, हा दाखला जबरदस्त आहे आणि त्यातलं दुःखही खरं आहे. पण मी तो उलट बाजूनं वाचतो. १९८२ चा खड्डा पडला तो पहिल्याच वर्षी सगळं जग एका मैदानावर आणायचं म्हटल्यामुळे. अनोळखी मैदान, तीन दिवस, शेकडो कलाकार, आणि लोकांनी आगगाडीनंच यायचं हे गृहीत धरलेलं. पुढे वोमॅड टिकला तो एकेका जागी मुरून. रेडिंगला १९९० पासून २००६ पर्यंत, मग विल्टशरमधल्या चार्ल्टन पार्कला. आजूबाजूच्यांना तारीख पाठ होते, मुलं मोठी होतात तशी परत येतात.

मोठ्या नावाला माझा विरोध नाही. नाव हे एका वर्षाचं भांडवल असतं, एवढंच.

रेडवुडवारा

कॅलिफोर्नियातून लिहितोय. 'रेगे ऑन द रिव्हर'चा उल्लेख अजून कुणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण गाव आणि पैसा या दोन्हीचं उत्तर त्या एकाच गोष्टीत आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला चार-एक तासांवर हम्बोल्टचा डोंगराळ भाग आहे. १९८३ मध्ये तिथल्या लोकांचं समाजकेंद्र जळालं. ते परत बांधायला पैसे हवेत म्हणून १९८४ मध्ये ईल नदीच्या काठावर रेगेचा कार्यक्रम केला. तोच हा महोत्सव. नव्या इमारतीसाठी, मटील कम्युनिटी सेंटरसाठी, तो दर वर्षी होत राहिला. खाण्याचे स्टॉल गावातल्या संस्थांकडे. स्वयंसेवक गावातले. आपल्याकडच्या यात्रा समितीसारखं चित्र होतं ते. वर्गणी, मान, कामाची वाटणी, भांडणं, सगळं घरचं. अमेरिकेच्या त्या आडबाजूच्या डोंगरात जमैकाचे मोठमोठे गायक येऊन गेले ते या जोरावर.

आणि भांडण झालंच. २००७ च्या सुमारास महोत्सव चालवणारी मंडळी आणि समाजकेंद्र यांच्यात फूट पडली. त्याच नदीकाठी 'रेगे रायझिंग' नावाचा वेगळा महोत्सव उभा राहिला, मूळ महोत्सवाला आपली जुनी जागा सोडून दुसरीकडे जावं लागलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. जे गावाला एकत्र बांधत होतं त्यानंच गाव दुभंगलं. ज्या ओळखीच्या घरांत आम्ही उतरायचो तिथे दोन भाऊ दोन बाजूंना होते. म्हणून खारेवारे, 'गावाला हवा' एवढं म्हणून भागत नाही. जमीन कुणाची, नाव कुणाच्या मालकीचं, उरलेला पैसा कुठे जाणार, हे पहिल्याच वर्षी कागदावर यायला हवं. महोत्सव लहान आहे, सगळे मित्र आहेत, तेव्हाच. मोठा झाल्यावर त्या कागदाला कुणी हात लावू देत नाही.

मांडवीतीर

गोव्यातून. आपल्याकडे रेगेला वाहिलेला महोत्सव म्हणजे 'गोवा सनस्प्लॅश'. २०१६ मध्ये दिल्लीच्या 'रेगे राजाज' या गटानं उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर तो सुरू केला. मी गेलेय. चेहरे ओळखीचे होतात इतपत लहान. दिल्लीच्याच तरू दलमिया यांनी जमैकन पद्धतीची, हातानं बांधलेली साउंड सिस्टीम उभी केली, लाकडी बेसच्या पेट्यांची. तिच्यापुढे उभं राहिलं की बेसबिन म्हणतात ते बरगड्यांना कळतं.

पण इथे पहाटेपर्यंत वगैरे विसरा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम देशभर लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. पुण्याच्या 'सवाई'लासुद्धा रात्रभराच्या मैफली सोडून वेळापत्रक बदलावं लागलं, मग रेगेला कोण विचारतो.

काही जणांना यात महोत्सवाचा गळा घोटल्यासारखा वाटतो. मला नाही वाटत. मी किनाऱ्यालगतच्या वाड्यावर राहते. सीझनमध्ये रात्री-अपरात्री चालणाऱ्या पार्ट्यांनी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची झोप गेली, ही तक्रार ग्रामसभेत दर वर्षी होते. ज्या महोत्सवानं दुपारी ३ ला सुरुवात करून १० च्या ठोक्याला बंद केलं, त्याच्याविरुद्ध कुणी हात वर केला नाही. सूर्यास्ताला मुख्य कलाकार ठेवा ना! समुद्र समोर आहे, उजेड आहे, पोरंबाळं जागी आहेत. जमैकात सूर्योदयाला शेवट होतो, आपण सूर्यास्ताला कळस करावा.

बेसबिन

मांडवीतीर, सूर्यास्ताची कल्पना फार आवडली. एक तांत्रिक गोष्ट सांगतो, तुमच्या ग्रामसभेत उपयोगी पडेल.

आवाजाची मर्यादा मोजतात ती डीबी-ए या मापात. हे माप कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालचे सूर कमी धरतं. ५० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे मीटरवर आकडा कायद्यात बसतो, आयोजक निर्धास्त, आणि दोन शेतं पलीकडच्या घरात काचा थरथरतात. दोघंही खरं बोलत असतात. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. तिला भिंत, झाडं, कुंपण काही अडवत नाही.

उपाय आहेत. बेसच्या पेट्या अशा मांडता येतात की मागच्या बाजूला आवाज बराचसा एकमेकांत विरतो. मंचाची पाठ वस्तीकडे आणि तोंड समुद्राकडे ठेवायचं. आणि शेवटचा, पण माझ्या मते खरा, म्हणजे साउंड लावताना जवळच्या घरात एक माणूस फोन घेऊन बसवायचा. त्या घरच्या माणसांना विचारायचं, आत्ता त्रास होतो का? त्यांच्यासमोर कमी करायचं. मीटरपेक्षा ते ऐकून केलेलं जास्त टिकतं.

लवंगबेट

काही वर्षं दार-एस-सलाममध्ये होतो, त्यामुळे झांझिबारच्या 'साउती झा बुसारा'बद्दल लिहितो. २००४ पासून फेब्रुवारीत, स्टोन टाउनमधल्या जुन्या किल्ल्यात. आफ्रिकेतलं संगीत, आणि सगळं प्रत्यक्ष वाजवलेलं. ट्रॅक लावून गाणाऱ्याला जागा नाही. तारब, म्हणजे तिथलं अरबी-स्वाहिली गाणं, गाणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि नैरोबीचे तरुण एकाच रात्री.

तिकिटाचे दर वेगवेगळे आहेत. टांझानियातल्या माणसाला अगदी कमी, आफ्रिकेतल्या इतरांना थोडे जास्त, बाहेरच्या पर्यटकाला पूर्ण. ही एक गोष्ट महोत्सवाचा चेहरा ठरवते. नाहीतर किल्ल्याच्या आत सगळे गोरे आणि भिंतीबाहेर उभं राहून ऐकणारे गावकरी असं चित्र झालं असतं. मी आत उभा असताना माझ्या एका बाजूला जर्मन जोडपं आणि दुसऱ्या बाजूला मासळीबाजारातले दोघं होते. गाणं पाठ होतं ते त्या दोघांना, आणि नाचाची सुरुवात त्यांनी केली.

पण हिशेबनीस यांचा मुद्दाही इथेच सापडतो. स्थानिकांना स्वस्त तिकीट म्हणजे तिकिटांवर खर्च निघत नाही, देणगीदारांवर अवलंबून राहावं लागतं. २०१६ मध्ये पैसे जमले नाहीत आणि त्या वर्षी महोत्सव झालाच नाही. २०१७ मध्ये परत आला.

आणि कधी कधी गाव, पैसा, साउंड सगळं असूनही हातात काही राहत नाही. मालीत २००१ पासून वाळवंटातला 'फेस्टिव्हल ओ देझेर' व्हायचा, सहारातल्या भटक्या तुआरेग लोकांच्या जुन्या मेळ्यांतून उभा राहिलेला, बरीच वर्षं टिंबक्टूजवळच्या एसाकानला. जानेवारी २०१२ मध्ये टिंबक्टूला शेवटचा झाला. त्यानंतर काही महिन्यांत उत्तर माली सशस्त्र गटांच्या ताब्यात गेला आणि तिथे संगीतावरच बंदी आली. वाद्यं जाळली गेली. त्या आयोजकांना अयशस्वी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुपारचीझोप

छान धागा. एक विचारायचंय. रेगेत तर राजकारण ठासून भरलेलं असतं. मंचावर कोणाला बोलवायचं यावरून वाद झाला तर आयोजकांनी काय करावं?

खारेवारे

रोटोटॉमवर ही वेळ २०१५ मध्ये आली. अमेरिकन ज्यू रेगे गायक मॅटिसयाहू यांचा कार्यक्रम ठरला होता. इस्रायलवर बहिष्कार घालावा म्हणणाऱ्या स्थानिक गटाच्या दबावाखाली आयोजकांनी त्यांच्याकडे पॅलेस्टाइनबद्दल भूमिका जाहीर करण्याची मागणी केली. त्यांनी नकार दिला, कार्यक्रम रद्द झाला. स्पेनच्या सरकारपासून अनेकांनी टीका केली. मग महोत्सवानं जाहीर माफी मागितली, परत बोलावलं, आणि ते येऊन गायले.

मला वाटतं पॅलेस्टाइनबद्दल कळकळ असणं चूक नव्हतं. एकाच कलाकाराला, त्याच्या धर्मामुळे, दारात अडवून परीक्षा घेणं चूक होतं. निकष असेल तर तो सगळ्यांना सारखा आणि करार करण्याआधी सांगितलेला हवा. समलिंगी माणसांविरुद्ध हिंसा भडकवणाऱ्या डान्सहॉलच्या, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीताच्या, गाण्यांबाबत युरोपातल्या आयोजकांनी तशी अट घातली, २००७ मध्ये काही गायकांनी लेखी हमीही दिली. तिथे प्रश्न गायक कोण आहे हा नव्हता, मंचावरून काय म्हटलं जाणार हा होता. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय रोटोटॉममध्ये चर्चेचा वेगळा मंडप आहे. वाद असेल तर तो तिथे समोरासमोर बसून व्हावा.

हिशेबनीस

खारेवारे, याच्याशी सहमत.

मूळ मुद्द्यावर मात्र मी अजून पुरता वळलेलो नाही. मूळ 'रेगे सनस्प्लॅश' बघा. जून १९७८, माँटेगो बे, जॅरेट पार्क. पर्यटनाच्या मंदीच्या हंगामात गावाला माणसं मिळावीत म्हणून चार जमैकन तरुणांनी काढलेला. १९७९ मध्ये बॉब मार्ली गायले, पावसानं मैदानाचा चिखल झाला होता. १९८१ चा तर त्यांच्याच स्मृतीला वाहिलेला. माँटेगो बेला तो मनापासून हवा होता. तरीही १९९३ मध्ये तो किंग्स्टनच्या बाजूला गेला आणि काही वर्षांत थांबला.

खारेवारे

आणि त्याच १९९३ मध्ये माँटेगो बेनं 'रेगे समफेस्ट' सुरू केला. तो आजही चालू आहे. नाव गेलं, आयोजक गेले, महोत्सव मात्र त्या गावातच राहिला. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडला नसता.

हिशेबनीस

हे मान्य करावं लागेल. समफेस्टच्या मागे तिथल्याच व्यावसायिकांचा पैसा होता, हे त्यात जोडतो, म्हणजे दोघांचंही राहिलं.

मांडवीतीर

बेसबिन, मंचाची पाठ वस्तीकडे करण्याचं आमच्या पंचायतीत मांडणार आहे. पेट्यांच्या मांडणीचं एक साधं चित्र काढून इथे टाकाल का? सरपंचबाईंना शब्दांपेक्षा चित्र पटकन समजेल, आणि परवानगीच्या अर्जाला तेच जोडता येईल.

बेसबिन

उद्या रात्रीपर्यंत टाकतो. वाऱ्याची दिशाही लिहा, संध्याकाळी तिकडे समुद्रावरून जमिनीकडे असतो की उलट? त्यावर मांडणी बदलेल.